आपले कर्नल सी. के.

कर्नल सी. के. नायडू जन्मले नागपुरात, १८९५ साली. होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले आणि कायमचे आपले झाले. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्याचे कर्णधार पोरबंदरचे महाराज होते. लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत मात्र महाराज बाजूला राहिले आणि नेतृत्व नायडूंकडे आले. क्षेत्ररक्षणात हात दुखावला, तरी पहिल्या डावात सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. सामना १५८ धावांनी गेला. १९३६ च्या दौऱ्यात कर्णधारपद पुन्हा राजघराण्याकडे गेले. नायडू खेळाडू म्हणून खेळले आणि ओव्हलवर चेंडूचा मार सोसून ८१ धावा काढल्या. १९६७ साली इंदुरातच त्यांचे निधन झाले. पद गेले तरी खेळ न सोडणाऱ्या या थोर इंदूरकराला आम्हा सर्वांचे वंदन!