हान्स श्पेमान

इवल्याशा अंड्यांतून जीव घडतांना डोक्याच्या जागीं डोकें व पाठीच्या जागीं पाठ नेमकी कशी येते, या प्रश्नास ज्यांनीं आयुष्य वाहिलें, त्या हान्स श्पेमान यांचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोंत.

त्यांचा जन्म ता. २७ जून १८६९ रोजीं जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं झाला. वडील पुस्तक-प्रकाशक होते. कांहीं काळ त्यांच्याच धंद्यांत घालवून हान्स प्रथम वैद्यकाकडे व पुढें प्राणिशास्त्राकडे वळले. ऐन उमेदींत क्षयानें त्यांस गांठलें. त्या सक्तीच्या विश्रांतींत वाइसमान यांचा आनुवंशिकतेवरील ग्रंथ हातीं आला. त्यांतील मतें प्रयोगानें पारखावयाचा ध्यास त्यांस लागला.

त्यांचीं हत्यारें कोणतीं? कांचेच्या बारीक सुया व तान्ह्या बाळाचा केंस! पालीसारख्या दिसणाऱ्या न्यूट नामक जलचराच्या अंड्याभोंवतीं त्यांनीं त्या केंसाचा फांस आवळला. फांस योग्य जागीं बसला तर एका अंड्याचे दोन पूर्ण जीव झाले. जागा चुकली तर एका बाजूस पाठ-डोकें नसलेला नुसता गोळा राहिला. अर्थात् अंड्याच्या एका विशिष्ट भागाकडे कांहीं हुकमत होती.

ती हुकमत सिद्ध झाली फ्रायबुर्ग येथें. हिल्डे मांगोल्ड या विद्यार्थिनीनें फिक्या न्यूटच्या गर्भांतील तो चिमुकला भाग गडद न्यूटच्या गर्भांत, पोटाच्या बाजूस बसविला. काम अतिशय नाजूक. बहुतेक गर्भ दगावले. जे थोडे जगले, त्यांच्या पोटाशीं दुसरें शरीर आकारूं लागलें. रंगावरून दिसलें कीं, त्यांतील पुष्कळशा पेशी यजमान गर्भाच्याच होत्या. नव्या भागानें शेजाऱ्यांस कामास लावलें होतें! श्पेमान यांनीं त्यास ‘संघटक’ म्हटलें.

१९२४ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला; त्याच वर्षीं घरांत भाजून हिल्डे वारल्या. वय अवघें २५. श्पेमान यांस १९३५ चें नोबेल पारितोषिक मिळालें. ता. ९ सप्टेंबर १९४१ रोजीं ते निवर्तले.

संघटक हुकूम देतो कसा, हें १९९० नंतरच्या दशकांत उमगलें. तो कांहीं प्रथिनें स्रवतो. तीं पोटाकडील संदेशास आवर घालतात. जवळ आवर अधिक, दूर कमी. या मात्रेवरून पेशी आपलें स्थान ओळखतात.

पारितोषिकावर नांव एकच आहे. त्याशेजारीं दुसरेंही वाचकांनीं स्मरावें, एवढीच आमची विनंती.