विश्लेषण : ३० रेषांत टीव्ही दाखवणारे बेअर्ड २४० रेषांवर का हरले?

रिझोल्युशन जास्त म्हणजे चित्र चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र टीव्हीच्या जन्मापासूनच हे गणित इतके सोपे नव्हते. स्कॉटिश संशोधक जॉन लोगी बेअर्ड यांना हे गणित आधी जमले आणि नंतर महागात पडले. ते कसे, याविषयी…

पहिला टीव्ही कसा होता?

बेअर्ड यांचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग येथे झाला. प्रकृती लहानपणापासून नाजूक होती. मोजे, जॅम, साबण असे उद्योग करून झाल्यावर ते टीव्हीकडे वळले. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमधील सोहो भागात त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांना टीव्हीवरील हलते चित्र दाखवले. फिरत्या चकतीच्या साहाय्याने ते चित्र ३० रेषांत विभागले जात असे.

फक्त ३० रेषा का?

१९२९ पासून बीबीसीच्या रेडिओ प्रक्षेपकांवरून हे चित्र जाऊ लागले. त्या अरुंद वाटेतून जास्त तपशील पाठवणे शक्य नव्हते. रेषा वाढवायच्या तर सेकंदाला दाखवायची चित्रे कमी करावी लागत आणि हालचाल तुटक दिसे. बेअर्ड यांनी मधला मार्ग काढला. सेकंदाला साडेबारा चित्रे, उभी अरुंद चौकट आणि त्यात शक्यतो एकच चेहरा. चित्र लुकलुकत असे, पण माणूस ओळखू येई.

१९३६ मध्ये काय घडले?

२ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली. बेअर्ड यांच्या कंपनीची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची पद्धत आलटून पालटून वापरली जाई. फरक केवळ रेषांचा नव्हता. मार्कोनी-ईएमआयच्या पद्धतीत एकाआड एक रेषा सेकंदाला ५० वेळा उमटत. त्यामुळे चित्र कमी लुकलुके. त्यांचा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा स्टुडिओत हलवता येई. बेअर्ड यांच्या पद्धतीत मात्र स्टुडिओतील दृश्य आधी फिल्मवर टिपून, ती धुऊन मग प्रक्षेपित केले जाई. तो कॅमेरा जागचा हलत नसे.

त्याच ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि बेअर्ड यांच्या कंपनीच्या तेथील प्रयोगशाळा भस्मसात झाल्या. फेब्रुवारी १९३७ मध्ये बीबीसीने त्यांची पद्धत बंद केली.

पुढे काय?

बेअर्ड खचले नाहीत. ज्या इलेक्ट्रॉनिक तंत्राने त्यांना हरवले, तेच त्यांनी आपलेसे केले. युद्धकाळात स्वखर्चाने संशोधन करून १९४४ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक रंगीत चित्रनलिका दाखवली. १४ जून १९४६ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिटनमधील ४०५ रेषांचे प्रक्षेपण १९८५ पर्यंत सुरू होते.

आज याचे महत्त्व काय?

आजही मोबाइलवर नेट मंद असताना ‘फोर-के’ निवडले की व्हिडीओ अडखळतो. कमी रिझोल्युशनवर तोच सलग चालतो. वाट किती रुंद आहे, हे पाहूनच तपशील ठरवावा लागतो. बेअर्ड यांनी ३० रेषांत नेमके तेच केले होते.