ढिगाऱ्याखालून वाचलेल्या पोरानं वाचला सूर्याचा प्रकाश

२१ जुलै १८०१. जर्मनीतल्या म्युनिक शहरात आरसे बनवणाऱ्या एका कारागिराचं घर अचानक कोसळलं. मालकाची बायको त्यात दगावली. तिथं काम शिकणारा १४ वर्षांचा पोरगा मात्र काही तास ढिगाऱ्याखाली अडकूनही जिवंत निघाला. त्याचं नाव जोसेफ फ्राउनहोफर. पदार्थाला हात न लावता, नुसत्या प्रकाशावरून त्यात काय आहे हे ओळखणाऱ्या वर्णपटशास्त्राचा पाया पुढे याच पोरानं घातला.

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी स्ट्राउबिंग या गावात झाला. वडील काचकाम करायचे. जोसेफ ११ वर्षांचा झाला तोवर आई-वडील दोघंही गेले. मग त्याला म्युनिकला कामाला लावलं. शिकवणीचे पैसे भरायची ऐपत नव्हती, म्हणून सहा वर्षं बिनपगारी राबायचं ठरलं. पुस्तकं वाचायला आणि रविवारच्या शाळेत जायला मालकाची मनाई होती.

घर पडलं तेव्हा बव्हेरियाचे शासक मॅक्सिमिलियन स्वतः तिथं आले होते. त्यांनी पोराला १८ सोन्याची नाणी दिली. उट्झश्नायडर नावाच्या उद्योजकानं पुस्तकं दिली. जोसेफनं त्या पैशातून काच घासायचं यंत्र घेतलं आणि मालकाला पैसे देऊन राहिलेल्या कामातून स्वतःची सुटका करून घेतली. १८०६ मध्ये तो उट्झश्नायडर यांच्याच कारखान्यात लागला. तिथं दुर्बिणीसाठी उत्तम काच तयार करणं हेच त्याचं काम होतं.

काच कोणत्या रंगाला किती वाकवते हे मोजताना अडचण यायची. इंद्रधनुष्यात लाल कुठं संपतो आणि नारिंगी कुठं सुरू होतो, हे नेमकं सांगता येत नाही. मोजायला पक्की खूण हवी होती. १८१४ च्या सुमारास फ्राउनहोफर यांनी बारीक फटीतून आलेलं ऊन लोलकातून सोडलं आणि दुर्बिणीतून पाहिलं. रंगांच्या पट्ट्यात असंख्य काळ्या रेषा दिसल्या. अशा काही रेषा इंग्लंडच्या वोलास्टन यांना १८०२ मध्येच दिसल्या होत्या, पण फ्राउनहोफर यांनी ५७४ रेषा मोजल्या. ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं दिली. हवी ती खूण मिळाली.

विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना विज्ञान अकादमीत घ्यायला काही विद्वानांचा विरोध झाला. तरी ते सदस्य झाले. ७ जून १८२६ रोजी, अवघ्या ३९ व्या वर्षी, क्षयानं त्यांचं निधन झालं. त्या रेषा कशामुळं पडतात, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ते कोडं १८५९ मध्ये हायडलबर्गला सुटलं. गॅसच्या निळ्या ज्योतीवर मिठाचं पाणी उडालं की ज्योत पिवळी होते, कारण मिठात सोडियम असतं. प्रत्येक मूलद्रव्याचा असा ठरलेला रंग असतो. किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की तापलेलं सोडियम जो रंग बाहेर टाकतं, तोच रंग मागून येणाऱ्या प्रकाशातून गिळतं सुद्धा. फ्राउनहोफर यांची पिवळ्या भागातली डी रेषा म्हणजे सूर्याभोवतीच्या सोडियमनं गिळलेला प्रकाश. सूर्यावर न जाता तिथं काय आहे ते असं कळलं.

ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनं चंद्राच्या मातीवर लेझर मारून, निघालेल्या प्रकाशावरून तिथलं गंधक ओळखलं. माती परीक्षण प्रयोगशाळेत जस्त, लोह तपासतानाही हेच तत्त्व वापरतात. मातीचा अर्क ज्योतीत फवारतात आणि जस्त मोजायचं असेल तर जस्ताच्याच दिव्याचा प्रकाश त्यातून सोडतात. ज्योतीत किती प्रकाश गिळला गेला, त्यावरून शेतात जस्त किती आहे याचा आकडा निघतो आणि तो मृदा आरोग्य पत्रिकेवर येतो.