गोव्याचे वैद्य गार्सिया द ओर्ता

आमच्या बहुतेक गावांत दारापुढे अथवा वेशीजवळ कडुनिंबाचे एखादे तरी झाड असते. ओढ्याच्या काठाने निर्गुडी वाढते, डोंगरउतारावर कुडा उगवतो आणि जुन्या देवळाच्या आवारात बेल दिसतो. खरूज झाली की निंबाच्या पाल्याचे पाणी, पाय मुरगळला की निर्गुडीचा शेक, हगवण लागली की ताकात उगाळलेली कुड्याची साल, हे उपाय आपल्या आजीपणजींस कोणी पुस्तकातून शिकविले नाहीत. परंतु ह्याच झाडांची हकीकत साडेचारशे वर्षांपूर्वी एका पोर्तुगीज वैद्याने गोव्यात बसून लिहिली, आणि तिच्यामुळे युरोपातील विद्वानांस हिंदुस्थानच्या औषधींचे खरे ज्ञान झाले. त्यांचे नाव डॉक्टर गार्सिया द ओर्ता. त्यांचा ग्रंथ पुष्कळांस ऐकून ठाऊक असतो, पण त्यांच्या आयुष्याची व मरणानंतरची कथा फार थोड्यांस ठाऊक असते. ती आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

गार्सिया ह्यांचा जन्म इसवी सन 1501 च्या सुमारास पोर्तुगालमधील काश्तेलु द व्हीद ह्या सरहद्दीवरील गावी झाला. त्यांचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने सर्व यहुद्यांस देशाबाहेर घालविले, तेव्हा हे कुटुंब पोर्तुगालात आले. परंतु पाचच वर्षांनी, 1497 साली, तेथील राजाने यहुद्यांवर बळजबरीने बाप्तिस्मा लादला. अशा लोकांस नवे ख्रिस्ती म्हणत, आणि त्या नावात संशय भरलेला असे. शनिवारी घरात चूल पेटली की नाही, जेवणात डुकराचे मांस असते की नाही, एवढ्यावरून शेजारी त्यांच्यावर नजर ठेवीत. अशा घरात गार्सिया लहानाचे मोठे झाले. आपल्या मनातले बाहेर बोलू नये, हा धडा त्यांस लेखन-वाचनाच्या आधी मिळाला असला पाहिजे.

पुढे त्यांनी स्पेनमधील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत वैद्यक शिकून घेतले. त्या काळचे वैद्यक म्हणजे गेलेन, डायोस्कोरिडीस इत्यादी प्राचीन ग्रीक पंडितांचे ग्रंथ आणि अरबी वैद्यांच्या टीका. ग्रंथात जे लिहिले ते खरे, आणि रोग्याच्या अंगी त्याचा प्रत्यय न आला तर दोष रोग्याचा, असा एकंदर प्रकार होता. शिक्षण पुरे झाल्यावर गार्सिया ह्यांनी आपल्या गावी व नंतर लिस्बन शहरी धंदा केला. तेथील विद्यापीठात ते शिकवूही लागले. त्यांचे नाव चांगले झाले होते. तरीही मार्च 1534 मध्ये मार्तिम आफोंसु द सोझा ह्या आरमारी सरदाराच्या ताफ्याबरोबर ते हिंदुस्थानास निघाले, आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात गोव्यास उतरले. त्यानंतर ते मायदेशी परत गेलेच नाहीत. दोनच वर्षांनी, 1536 साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचे न्यायासन, स्थापन झाले. हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्या प्रवासाचे कारण केवळ धनलोभ अथवा जिज्ञासा नसावे असे आम्हांस वाटते.

गोव्यात त्यांनी सुमारे चौतीस वर्षे काढली. गव्हर्नर व व्हाइसरॉय ह्यांचे ते वैद्य झाले. अहमदनगरचा सुलतान बुऱ्हाण निजामशाह ह्याच्या दरबारीही ते उपचाराकरिता जात. तेथील मुसलमान हकिमांशी त्यांची चर्चा होई आणि औषधींची अरबी नावे ते पडताळून पाहत. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात त्या भागातील आमच्या वाचकांस हे वाचून कौतुक वाटेल. 1554 च्या सुमारास मुंबईचे बेट त्यांस पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळाले. तेथील आपल्या आमराईतील एक आंबा वर्षातून दोनदा फळतो, असे त्यांनी मोठ्या हौसेने नमूद केले आहे.

परंतु त्यांचे खरे धन म्हणजे त्यांची बाग व त्यांची विचारण्याची सवय. कोणते मूळ कोठून येते, कोणत्या गावी त्यास काय म्हणतात, कोणता वैद्य ते कशावर देतो, हे ते व्यापाऱ्यांस, खलाशांस, हकिमांस व देशी वैद्यांस विचारीत असत. 10 एप्रिल 1563 रोजी त्यांचा ग्रंथ गोव्यात छापून निघाला. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती, त्यामुळे छपाईच्या चुका इतक्या झाल्या की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. ग्रंथ लॅटिनात न लिहिता त्यांनी तो पोर्तुगीज भाषेत लिहिला, आणि सर्व विषय संभाषणरूपाने मांडला. स्पेनहून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक कल्पित पंडित प्राचीन ग्रंथांचे दाखले देत जातो, आणि ओर्ता त्यास आपण प्रत्यक्ष पाहिलेले सांगतात. स्पेनमध्ये असतो तर गेलेनाविरुद्ध बोलण्याचे धाडस आपणांस झाले नसते, अशी कबुली त्यांनी मोकळेपणाने दिली आहे.

ह्या संभाषणांत आणखीही माणसे येतात. मालुपा नावाचा एक देशी वैद्य येऊन बोलतो. आंतोनिया नावाची दासी बागेतून फळे व पाने आणून दाखविते. ह्यांपैकी कित्येक माहिती अशा माणसांच्याच तोंडून मिळालेली आहे, आणि ओर्तांनी ती लपविली नाही.

आता त्या ग्रंथातील दोनचार गोष्टी पाहू. हगवणीच्या दुखण्याने त्या काळी गोव्यात पुष्कळ लोक मरत. ओर्ता आधी युरोपातील औषधे देत; त्यांनी गुण येईना आणि रोगी हातचा जातो असे दिसले, म्हणजे ते ह्या देशाच्या वैद्यांचे औषध देत, आणि त्यात त्यांस कमीपणा वाटत नसे. हगवणीवरील जी मलबारी वनस्पती त्यांनी वर्णिली ती आपला पांढरा कुडाच होय, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. बेलफळाचा उपयोगही त्यांनी ह्याच दुखण्यावर सांगितला असून त्याचे वसईकडील नाव श्रीफळ असल्याचे टिपून ठेविले आहे. निर्गुडी व निंब ह्या दोहोंस त्यांनी एकाच संभाषणात स्थान दिले आहे: पहिली सूज व ठणका ह्यांवर, आणि दुसरा व्रण व जखमा बऱ्या करण्यावर.

पटकीच्या रोगाचे त्यांनी केलेले वर्णन तर फार प्रसिद्ध आहे. डोळे खोल जाणे, नाडी लागेनाशी होणे, हातापायांस वांब येणे, एका दिवसात धडधाकट माणूस दगावणे, हे सर्व त्यांनी जवळून पाहून लिहिले. ह्या रोगास लोक काय म्हणतात ते सांगताना त्यांनी आपला मोडशी हा शब्द दिला आहे, आणि पोर्तुगीज लोक त्याचाच अपभ्रंश करून बोलतात असेही सांगितले आहे. देशी वैद्य अशा रोग्यास मिरी व जिरे घातलेली तांदळाची कांजी पाजतात, हेही त्यांनी नोंदविले. त्याच वैद्यांची तळपायास डाग देण्याची चालही त्यांनी लिहून ठेविली. तिने रोग्याच्या वेदनांत भर पडण्यापलीकडे काही होत नसे. कांजीची गोष्ट मात्र वेगळी. पटकीत अंगातील पाणी व क्षार निघून गेल्याने माणूस मरतो, आणि मिठाचे योग्य प्रमाण ठेवून केलेले तांदळाच्या पिठाचे क्षारपाणी ती झीज भरून काढते, हे विसाव्या शतकात प्रयोगाने सिद्ध झाले आहे.

ओर्तांच्या हाती सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, रसायनशाळा नव्हती. रोगजंतू म्हणून काही असते हे त्यांच्या काळी कोणासच ठाऊक नव्हते. औषधाने गुण येतो एवढे त्यांनी पाहिले. तो का येतो हे पुढच्या लोकांनी शोधिले. कुड्याच्या सालीतून एकोणिसाव्या शतकात कोनेसीन नावाचे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि आमांश उत्पन्न करणाऱ्या अमीबा नामक सूक्ष्म जीवावर ते चालते असे पुढे आढळले. कच्च्या बेलफळात तुरट द्रव्ये असतात. निंबातील निंबिन, निंबिडिन इत्यादी कडू द्रव्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्या रसायनशास्त्रज्ञाने 1942 साली वेगळी केली. कोनेसीनाचे काही वाईट परिणामही दिसून आले, आणि आज आमांशावर त्याहून निर्धोक व खात्रीची औषधे आहेत. म्हणून कोणी वाचकाने हा लेख वाचून लेकराच्या हगवणीवर रानातली साल किती द्यावी ह्याचा अंदाज बांधीत बसू नये. लेकरास क्षारपाणी पाजावे आणि दवाखाना गाठावा. ओर्ता आज असते तर त्यांनीही हेच केले असते, कारण अधिक चांगले सिद्ध झालेले औषध स्वीकारणे हाच त्यांचा बाणा होता.

त्यांच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. काही जनावरांच्या पोटात सापडणारा जहरमोहरा सर्व विषांवर उतारा आहे, असे ते मानीत. ते खरे नाही. आणि ज्या आंतोनियाने त्यांस पाने आणून दिली ती त्यांच्या घरची विकत घेतलेली दासी होती, हे वाचताना मन खिन्न होते.

आता शेवटची हकीकत. ओर्तांची आई व बहिणी ह्यांस लिस्बन येथे धर्मचौकशीने तुरुंगात टाकले होते. सुटल्यावर त्या 1549 च्या सुमारास गोव्यास त्यांच्याकडे आल्या. परंतु 1560 साली तेच न्यायासन गोव्यातही आले. तीनच वर्षांनी निघालेल्या ओर्तांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर, हा ग्रंथ धर्मचौकशीचे अधिकारी आलेशू दियश फाल्कांव ह्यांनी पाहिला आहे, असे छापलेले आहे. ज्याने पुस्तकास मोकळीक दिली तोच अधिकारी उद्या लेखकास बोलावू शकत होता. अशा स्थितीत ते रोज रोगी पाहत होते व लिहीत होते.

1568 साली ओर्ता वारले. त्यांच्या मागे बहीण कातारिना हिच्यावर गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याचा आरोप ठेवण्यात आला, आणि 25 ऑक्टोबर 1569 रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत घरच्यांकडून भावाविषयीही जबाब घेतले गेले. मग 1580 साली, मरणानंतर बारा वर्षांनी, ओर्तांची थडग्यातील हाडे उकरून काढून ती जाळण्यात आली. ज्याने गोव्यातील शेकडो लोकांच्या खाटेशी बसून त्यांस औषध दिले, त्यास त्या भूमीत साडेतीन हात जागाही उरली नाही.

हे ज्यांनी केले ते दुसऱ्या मंडळीचे होते, असे म्हणून आम्हांस हात झटकता येत नाहीत. ते ख्रिस्ताच्या नावाने करण्यात आले, आणि ते नाव आम्हीही धारण करितो. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासातही मतभेदासाठी माणसे जाळल्याचे डाग आहेत. बळजबरीने दिलेला बाप्तिस्मा आणि त्यानंतर तीन पिढ्यांवर ठेवलेला पहारा ह्यांतून विश्वास उत्पन्न झाला नाही, भय मात्र उत्पन्न झाले.

ग्रंथ मात्र जळाला नाही. शार्ल द लेक्लूझ, ज्यास क्लूसियस म्हणतात, ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती त्याची प्रत पडली आणि त्याने 1567 साली अँटवर्प येथे त्याचा लॅटिन सारांश छापविला. तो युरोपभर वाचला गेला. परंतु सारांश करिताना क्लूसियसने संभाषणे काढून टाकिली. त्यामुळे मालुपा वैद्य व आंतोनिया दासी ही दोन्ही माणसे युरोपातील वाचकांच्या दृष्टीआड झाली. औषधे राहिली, औषध दाखविणारे गेले. मूळ ग्रंथ टिकला म्हणून त्यांची नावे आज आम्हांस कळतात. गोव्यातील ते न्यायासन 1812 साली कायमचे बंद झाले, आणि पणजी शहरातील एका बागेस पुढे गार्सिया द ओर्ता ह्यांचेच नाव देण्यात आले.

वाचकहो, ह्या वैद्याने मोठ्या नावास भिऊन असत्य मानिले नाही आणि लहान माणसाच्या तोंडून आले म्हणून सत्य टाकिले नाही. आमच्या गावांत आजही ग्रंथाच्या अथवा पदवीच्या जोरावर बोलणारे आहेत, आणि ज्यांचे कोणी ऐकत नाही अशा म्हाताऱ्या सुइणी व रानात हिंडणारे लोकही आहेत. दोघांचेही ऐकावे, आणि दोघांचेही बोलणे पारखून घ्यावे. पुढच्या वेळी दारच्या निंबाखाली बसाल तेव्हा ज्याच्या अस्थींस माती मिळाली नाही त्या गोव्याच्या वैद्याची आठवण करा, आणि पाने वेचून आणणाऱ्या त्या दासीचीही.