ज्ञानकोशकार केतकर

पुण्याच्या सदाशिव पेठेला पेशवाईतील सेनानी सदाशिवरावभाऊ यांचे नाव आहे. वाड्यांच्या, देवळांच्या आणि छापखान्यांच्या या पेठेत सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक आगळी मोहीम चालली होती. टाक, दौत, कागद आणि छापखान्यातील शिशाचे खिळे ही या मोहिमेची शस्त्रे होती. जगातील सारे ज्ञान मराठी भाषेत आणणे हे तिचे ध्येय होते. तिचे सेनापती होते डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे ते मुंबईस विल्सन कॉलेजात शिकले. त्यांची ज्ञानाची भूक मोठी होती. १९०६ साली त्यांनी अमेरिकेचा रस्ता धरला. त्या काळी हा प्रवास बोटीने करावा लागे व त्यात कित्येक आठवडे जात. तेथील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी समाजशास्त्राचा कसून अभ्यास केला आणि भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. १९११ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. नंतर काही काळ लंडनमध्ये राहून १९१२ साली ते स्वदेशी परतले.

परदेशातील ग्रंथालयांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती. इंग्रजी वाचकाला कोणत्याही विषयाची माहिती हवी असली, की तो ज्ञानकोश उघडी. ब्रिटानिका नावाचा असा एक कोश एडिंबरो शहरी १७६८ ते १७७१ या काळात तीन खंडांत निघाला होता. वाढत वाढत १९१०-११ च्या आवृत्तीत त्याचे एकोणतीस खंड झाले. वनस्पती, यंत्रे, राजे, नद्या, रोग, तारे, सर्व काही त्यात अकारविल्हे सापडे. इंग्रजी न येणाऱ्या मराठी माणसाला मात्र हे दार बंद होते. ते उघडावयाचे असा निश्चय केतकरांनी केला.

पण निश्चयाने पोट भरत नाही आणि कागदही विकत मिळत नाही. केतकरांजवळ पैसा नव्हता. सरकार आपले नव्हते. तेव्हा त्यांनी व्यापाऱ्याचा मार्ग स्वीकारला. १९१६ च्या सुमारास त्यांनी नागपूर येथे महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी उभारली. अनेकांनी थोडेथोडे भांडवल घालावे, वर्गणीदारांनी आगाऊ पैसे द्यावेत आणि त्या बळावर ग्रंथ छापावा, अशी ही योजना होती. अजून न लिहिलेल्या ग्रंथासाठी पैसे मागणे सोपे नसते. केतकर व त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. वकील, डॉक्टर, शिक्षक, सावकार यांच्या घरी त्यांनी खेपा घातल्या. कोणी मदत केली, कोणी हसून वाटेस लावले. हा मनुष्य हवेत मनोरे बांधतो आहे, असे अनेकांना वाटले. केतकर मात्र डगमगले नाहीत.

काही काळाने मंडळाचे कामकाज पुण्यास आले आणि सदाशिव पेठेत कोशाचा कारखाना सुरू झाला. कारखाना हाच शब्द त्याला शोभतो. ज्ञानकोश हे एकट्याचे काम नव्हे. प्रथम हजारो विषयांची यादी करावयाची, ती वर्णानुक्रमे लावावयाची, विषय लेखकांना वाटून द्यावयाचे. लेखकाने अनेक ग्रंथ वाचून टिपणे काढावयाची, मग लेख लिहावयाचा. तो तपासावयाचा, खिळे जुळवावयाचे, मुद्रिते वाचावयाची. शिवाय शास्त्रांतील कित्येक कल्पनांना मराठीत शब्दच नव्हते. ते घडवावे लागत. यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे तरुण या कामात तयार झाले.

१९२० साली कोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. आरंभीचे पाच खंड प्रस्तावनेचेच होते. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास हे त्यांचे विषय. त्यांनंतर ‘अ’ पासून ‘ह’ पर्यंतचे खंड निघू लागले.

त्याच १९२० साली केतकरांचा विवाह झाला. त्यांच्या पत्नी एडिथ या जर्मन-ज्यू घराण्यातील. लंडनमध्ये दोघांची ओळख झाली होती. व्रात्यस्तोम नावाचा प्राचीन विधी करून त्या हिंदू झाल्या व शीलवती केतकर म्हणून पुण्यात नांदू लागल्या. परक्या देशात, परक्या भाषेत, अपुऱ्या मिळकतीत त्यांनी संसार केला. एका जर्मन पंडिताने लिहिलेला भारतीय वाङ्मयाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला. पतीच्या ध्यासाची झळ त्यांनाही लागली. पण त्यांनी त्यांची साथ सोडली नाही.

पैशाची ओढाताण तर नित्याचीच होती. वर्णानुक्रमी कोश मध्येच थांबला तर काय होईल? अर्धी गोष्ट तरी वाचता येते; पण ‘प’ पाशी थांबलेल्या कोशात फुलपाखरू सापडणार नाही, मराठे सापडणार नाहीत आणि हिमालयही सापडणार नाही. ज्यांनी विश्वासाने आगाऊ पैसे दिले, त्यांच्या हाती अर्धवट ग्रंथ पडेल. दिलेला शब्द मोडेल. केतकरांनी तो मोडू दिला नाही. एकामागून एक खंड बाहेर पडत गेले. शेवटी सूचीचा खंडही निघाला. कोणता विषय कोणत्या खंडात आहे हे त्यावरून चटकन कळे. १९२९ पर्यंत तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पुरा झाला.

काम संपले, तरी केतकर स्वस्थ बसले नाहीत. गुजरातीतही असा कोश काढण्याचे त्यांनी हाती घेतले. ते मात्र तडीस गेले नाही. त्यांनी ‘ब्राह्मणकन्या’, ‘परागंदा’ अशा कादंबऱ्या लिहिल्या व त्यांतून समाजाचे प्रश्न मांडले. १९३१ साली हैदराबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मान मिळाला, पण संपत्ती मिळाली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांनी लावलेले झाड मात्र वाढतच राहिले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दाते व कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले. पुढे महाराष्ट्र राज्याने मराठी विश्वकोशाचे काम हाती घेतले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. केतकरांच्या कोशातील पुष्कळ माहिती आता जुनी झाली आहे. तरीही तो आज संगणकावर वाचता येतो, आणि अभ्यासक तो आदराने चाळतात. मराठी भाषेत सर्व शास्त्रे बोलू शकतात, हे त्या तेवीस खंडांनी दाखवून दिले. कोशाच्या कपाटासमोर उभे राहिल्यावर गावोगाव वर्गणीदार शोधत हिंडणाऱ्या त्या विद्वानाची आठवण ठेवावी.