डॉ. होमी भाभा



आमची सहल वर्ध्याला विश्वशांती स्तूप पाहायला गेली होती. तो जपानच्या फुजी गुरुजींच्या प्रेरणेने बांधला आहे. तिथे बाईंनी सांगितले की ६ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या हिरोशिमा शहरावर अणुबॉम्ब टाकला. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा टाकला. लाखाच्या वर माणसं मेली. मला फार वाईट वाटले. मी बाईंना विचारले की अणू वाईट असतो का. तेव्हा बाईंनी मला शाळेच्या पेटीतून भाभांचे पुस्तक काढून दिले.

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत एका पारशी घरात झाला. त्यांनी इंजिनिअर होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे असे वडिलांना वाटे. म्हणून १९२७ साली त्यांना इंग्लंडात केंब्रिजला पाठवले. पण होमींचे मन भौतिकशास्त्रात होते. वडिलांनी अट घातली की आधी इंजिनिअरची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग तुझ्या आवडीचे शीक. १९३० साली होमी पहिल्या वर्गात पास झाले. वडिलांनीपण शब्द पाळला.

१९३९ साली ते सुटीत घरी आले, अन् तिकडे दुसरे महायुद्ध सुरू झाले. मग ते इथेच राहिले. बंगळूरला शिकवू लागले. १९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू केली. मग मुंबईत ट्रॉम्बेला अणुशक्तीचे मोठे केंद्र उभारले. तिथे ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा नावाची भट्टी सुरू झाली. तिच्या पाण्यात निळा उजेड दिसे. रशिया सोडला तर आशियात अशी भट्टी आधी कुठेच नव्हती.

युरेनियमचा अणू फुटला की उष्णता निघते आणि बारीक कण उडतात. ते कण दुसरे अणू फोडतात. बॉम्बमध्ये हे सगळे एकदम होते. भट्टीत ते हळूहळू होऊ देतात. मला वाटते, कुटाराच्या गंजीला आग लागली तर सगळी गंजी जळते, पण चुलीत तीच आग भाकर भाजते. तसेच हे आहे.

भाभांना चित्रे काढायचा अन् गाण्याचा नाद होता. इमारत बांधताना मोठे झाड मध्ये आले तर ते तोडू देत नसत. मुळासकट उचलून दुसरीकडे लावायला सांगत.

१९६४ साली चीनने अणुबॉम्ब फोडला. तेव्हा भाभांनी रेडिओवर सांगितले की असा बॉम्ब करायला फार खर्च येत नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. मला ते आवडले नाही. दुसऱ्या दिवशी पुढे वाचले. त्याच भाषणात त्यांनी सगळ्या देशांनी शस्त्रे कमी करावीत असेपण सांगितले होते.

२४ जानेवारी १९६६ ला त्यांचे विमान युरोपात माँ ब्लाँ डोंगरावर आदळले. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा फक्त ५६ वर्षांचे होते.

ते गेल्यावर १९६९ साली तारापूरला अणूपासून वीज निघाली. १९७४ साली पोखरणला अणुस्फोटाची चाचणीपण झाली. तिचे सामान ट्रॉम्बेच्याच एका भट्टीतून आले होते. म्हणजे दोन्ही गोष्टी अणूपासूनच आल्या.

आमच्या शेतात लाईन रात्रीच येते. बाबा थंडीत अंधारात गव्हाला ओलीत करायला जातात. आई जागी राहते, कारण बांधावर साप असतात. दिवसा लाईन राहिली तर बाबा रात्री घरी झोपतील. मला अणूची वीज पाहिजे, बॉम्ब नको. मी मोठी झाल्यावर ट्रॉम्बे पाहायला जाणार आहे.



एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी