वर्धा, हिब्रू अक्षरांत

सेवाग्रामला गांधीजींकडे आलेल्या परदेशी पाहुण्यांत हर्मन कॅलनबॅक माझ्या विशेष आवडीचे. आपण कॅलनबॅक म्हणतो ते इंग्रजी स्पेलिंगच्या नादानं. मूळ जर्मन उच्चार कालेनबाख. माझी हयात बँकेत गेली. नावातलं एक अक्षर हललं की चेक परत, ही सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. म्हणून हे नाव कॅलनबॅक यांच्या पूर्वजांच्या हिब्रू लिपीत कसं उतरतं, ते मुद्दाम पाहिलं. कोफ, लामेद, नून, बेत, काफ. पाच अक्षरं, उजवीकडून डावीकडे. मधले स्वर बहुधा लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ओळखायचे. (आपल्या मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ वाचणाऱ्यावरच सोडलेलं असे!) शब्दाच्या शेवटी आलेल्या काफचं शेपूट ओळीखाली उतरतं आणि तो ‘ख’सारखा वाजतो. आपण गमावलेला ख हिब्रूनं असा राखला. गांधी मात्र तिथं ‘गांदी’ होतात. गिमेल, नून, दालेत, योद. हिब्रूत ध नाहीच.

कॅलनबॅक यांचा जन्म १८७१ चा, आजच्या लिथुआनियातला. १८९६ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले, वास्तुशिल्पी म्हणून नावारूपाला आले आणि गांधीजींच्या सहवासात ऐषआराम सोडून बसले. १९१० मध्ये अकराशे एकरांची जमीन त्यांनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली. तेच टॉलस्टॉय फार्म. चपला शिवायला ते एका ख्रिस्ती मठात शिकले आणि त्यांच्याकडून गांधीजी शिकले. १९१४ मध्ये दोघं हिंदुस्थानच्या वाटेवर निघाले, पण इंग्लंडला पोचेपर्यंत महायुद्ध पेटलं. जर्मन नागरिक म्हणून कॅलनबॅक अडकले, पुढं नजरकैदेत गेले. मित्राची भेट झाली ती तब्बल २३ वर्षांनी, १९३७ मध्ये.

ही भेट नुसत्या जिव्हाळ्याची नव्हती. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं घर व्हावं यासाठी धडपडणाऱ्या नेत्यांनी, गांधीजींचं मन वळवा म्हणून त्यांना गळ घातली होती. ते तेव्हाच्या सेगावात राहिले. (बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० मध्ये त्याचं सेवाग्राम झालं.) मन काही वळलं नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी सेगावातूनच लेख लिहिला. ज्यूंविषयी कळवळा होता. पण पॅलेस्टाइन अरबांचं, आणि हिटलरपुढं ज्यूंनी सत्याग्रह करावा, असं त्यात होतं.

तरीही १९३९ च्या सुरुवातीला कॅलनबॅक पुन्हा सेगावात आले. मला हे फार मोठं वाटतं. त्या फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिलं, की आपल्याजवळ राहणाऱ्या ज्यू मित्राला अहिंसा बुद्धीनं पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणं त्याला जमत नाही, त्याच्या रागाबद्दल आपण त्याच्याशी भांडत नाही. मित्राचं नाव लिहिलं नव्हतं. सेगावात ते कोणाला सांगायला हवं होतं?

१९४५ मध्ये कॅलनबॅक जोहान्सबर्गला गेले. त्यांची रक्षा गालील सरोवराकाठच्या देगानिया वसाहतीत नेली. तिथल्या एखाद्या शाळकरी पोरानं आपल्या वर्ध्याचं नाव त्याच्या लिपीत लिहिलं, वाव, रेश, दालेत, हे, तर ध पुन्हा हरवेल आणि वाचलं जाईल ‘वर्दा’. तिकडं मुलींचं नाव असतं ते. अर्थ, गुलाब.